पाण्यात कुठे उतरावं? अंदमानच्या किनाऱ्यांची गोष्ट

दिवाळीची सुट्टी जवळ आली की माझा फोन वाजायला लागतो. जुन्या पलटणीतले सोबती, गावाकडचे पाहुणे, कुणाच्या तरी मेहुण्याचे शेजारी. प्रश्न एकच. "सुभेदार साहेब, तुम्ही अंदमानला होतात ना? पोरांना पोहायला कुठला बीच बरा? स्वच्छ पाहिजे, आणि भीती नको."

फोनवर मी दोन मिनिटांत उत्तर देऊन टाकतो. पण खरं उत्तर दोन मिनिटांचं नाही. या बेटांवर किनारा कसा निवडावा हा प्रश्न माणसं फार जुन्या काळापासून सोडवत आली आहेत. कुणाला तो जमला, आणि ज्यांना जमला नाही त्यांची गणती कबरींनी झाली. पोर्ट ब्लेअरची माझी पोस्टिंग अडीच वर्षांची होती. त्या काळात जे पाहिलं, ऐकलं आणि नंतर वाचून काढलं, ते आज एकदाचं लिहून टाकतो. पुढच्या दिवाळीला फोन आला की सरळ ही लिंक पाठवीन.

मी घाटावरचा, साताऱ्याकडचा. आमच्याकडे पाणी म्हणजे विहीर, नाहीतर नदीचा डोह. समुद्राची अक्कल मला आमच्या पलटणीतल्या एका देवगडच्या हवालदाराने शिकवली. उधाण कधी, भांग कधी, ओहोटीचं पाणी कुठून ओढतं, हे तो चंद्राकडे बघून सांगायचा. अमावस्या-पौर्णिमेला उधाण, अष्टमीच्या सुमाराला भांगाचं पाणी. हे कोकणात शेंबड्या पोराला ठाऊक असतं. मला वयाच्या पस्तिशीत कळलं.

आता इतिहास. अंदमानचा किनारा निवडणारे पहिले लोक अर्थातच तिथले मूळ रहिवासी. त्यांच्या जुन्या वस्त्यांच्या जागी शिंपल्यांचे ढीग सापडतात. पिढ्यानपिढ्या खाऊन टाकलेल्या शिंपल्या, डुकरांची हाडं, खापरं. या ढिगांचा शास्त्रशुद्ध अभ्यास केला तो आपल्या पुण्याच्या डेक्कन कॉलेजातल्या झरीन कूपर यांनी. पोर्ट ब्लेअरजवळच्या चौलदरी इथल्या ढिगाचा काळ सुमारे बावीसशे वर्षांपूर्वीचा निघाला. म्हणजे सातवाहनांच्या आसपासचा. एवढी वर्षं माणसं जिथे येऊन-जाऊन राहिली ती जागा उगाच निवडलेली नसणार. जवळ गोडं पाणी, उथळ पाण्यात शिंपल्या, वाऱ्यापासून आडोसा, आणि डोंगी ओढून घ्यायला जागा. आजच्या रिसॉर्टवाल्याची यादीही फारशी वेगळी नाही.

त्यानंतर कंपनी सरकार आलं. लेफ्टनंट आर्चिबाल्ड ब्लेअर हा बॉम्बे मरीनचा अधिकारी. मराठी वाचकाला बॉम्बे मरीन सांगायला नको. आंग्र्यांच्या आरमाराशी जी कित्येक वर्षं झुंजली आणि १७५६ मध्ये विजयदुर्गावर जी चालून गेली, तीच ही. हा ब्लेअर १७८८ च्या डिसेंबरात कलकत्त्याहून निघाला आणि त्याने अंदमानचा किनारा मोजून काढला. त्या काळी खोली मोजायची म्हणजे दोरीला शिशाचं वजन बांधून पाण्यात सोडायचं. वजनाच्या बुडाला चरबी लावलेली असायची. तळाशी वाळू असली तर वाळू चिकटून यायची, चिखल असला तर चिखल, आणि काहीच आलं नाही तर खाली खडक समजायचा. मला हे वाचल्यावर फार आवडलं. पाण्यात उतरण्याआधी तळ कसला आहे हे पाहणं, ही पोहणाऱ्याचीही पहिली पायरी. चरबीऐवजी आपण पाय वापरतो इतकंच.

ब्लेअरने १७८९ मध्ये चॅथम बेटावर वसाहत घातली. जागा चांगली होती. पण १७९२ मध्ये वरून हुकूम आला की वसाहत उत्तर अंदमानात हलवा, तिथलं बंदर आरमाराला जास्त सोयीचं आहे. बंदर खरोखरच मोठं होतं. फक्त माणसं तिथे जगेनात. तापाने आणि रोगराईने इतके मेले की १७९६ मध्ये सगळा गाशा गुंडाळावा लागला. जहाजाला मानवणारा किनारा माणसाला मानवेलच असं नाही, हे कंपनीला चार वर्षांत समजलं. पुढे साठ वर्षं त्या बेटांकडे कुणी फिरकलं नाही.

मग १८५७ झालं. हजारो कैदी ठेवायचे कुठे, हा सरकारपुढे प्रश्न. डॉक्टर फ्रेडरिक मोएट यांच्या हाताखाली एक समिती जागा शोधायला पाठवली. हा मोएट बंगालच्या तुरुंगांचा इन्स्पेक्टर, म्हणजे माणसं कशाने मरतात याचा हिशेब ठेवणारा. त्याने उत्तरेकडची जागा नाकारली आणि ब्लेअरचं जुनं बंदर निवडलं. पोर्ट ब्लेअर हे नाव तेव्हापासूनचं. त्या काळी डास आणि हिवताप यांचा संबंध कुणाला माहीत नव्हता. दलदलीतून निघणाऱ्या वाईट हवेने ताप येतो अशी समजूत होती. कारण चुकीचं, पण बोट बरोबर जागेवर ठेवलेलं: दलदल जवळ नको.

१० मार्च १८५८ ला पहिले दोनशे कैदी उतरले. त्यांच्यावरचा अधिकारी होता जेम्स पॅटिसन वॉकर. चॅथमवर गोडं पाणी पुरेना, म्हणून मुख्य ठाणं थोड्याच दिवसांत रॉस बेटावर नेलं. कैदी पळून जायचे. जंगलात उपाशी मरायचे, आदिवासींच्या बाणांना बळी पडायचे, किंवा पकडून आणले जायचे. पकडून आणलेल्यांपैकी ऐंशीहून अधिक जणांना वॉकरने पहिल्या काही महिन्यांतच फाशी दिलं. जे उरले त्यांना जंगल तोडायला आणि किनाऱ्यावरची खाजणं बुजवायला लावलं. कमरेएवढ्या चिखलात उभं राहून तिवरं तोडायची. सेल्युलर जेलच्या कोठड्या पाहताना आपले डोळे भरून येतात, येणारच. पण ते जेल १८९६ ते १९०६ या काळात बांधलेलं आहे. त्याच्या आधीची जवळजवळ चाळीस वर्षं जी माणसं त्या चिखलात गेली, त्यांच्या नावाची पाटीही आपल्याला सापडत नाही. आज ज्या रस्त्याने गाडी पर्यटकांना किनाऱ्यावर नेते, त्यातला बराच रस्ता त्यांच्या भरावावरून जातो.

आजारपणाचा प्रश्न इतका बिकट होता की व्हाइसरॉय लॉर्ड मेयो ८ फेब्रुवारी १८७२ ला संध्याकाळी माउंट हॅरिएटवर चढला, त्यात तापाने खंगलेल्या कैद्यांसाठी वर आरोग्यधाम करता येईल का हे पाहण्याचाही हेतू होता. उतरेपर्यंत अंधार पडला. खाली होपटाउनच्या धक्क्यावर शेर अली आफ्रिदीने त्याला सुऱ्याने भोसकलं. पुढची हकीकत सगळ्यांना माहीत आहे. माउंट हॅरिएटचं नाव आता माउंट मणिपूर आहे.

तापाचं खरं कोडं सुटलं ते १९११-१२ च्या सुमारास. रिकार्ड क्रिस्टोफर्स नावाचा सैन्याच्या वैद्यकीय सेवेतला डॉक्टर तिथे आला आणि त्याने गावोगावच्या पोरांच्या प्लीहा तपासत, डासांच्या अळ्या गोळा करत नकाशा तयार केला. (रॉस बेटाचं नाव डासवाल्या रोनाल्ड रॉसवरून पडलं असं मला एका गाइडने सांगितलं होतं. चूक. ते डॅनियल रॉस या सागरी सर्वेक्षकावरून आहे.) क्रिस्टोफर्सला दिसलं ते असं की ताप पसरवणारा डास खाऱ्या-मचूळ पाण्यात वाढतो. जिथे भरती-ओहोटीचं पाणी मोकळेपणाने आत-बाहेर होतं तिथे तो टिकत नाही. जिथे पाणी अडतं, अर्धवट भराव घातलेल्या खाजणात डबकी होतात, तिथे त्याचं राज्य. म्हणजे समुद्रही वाईट नव्हता आणि खाडीही वाईट नव्हती. वाईट होतं ते मध्येच अडलेलं पाणी.

इथे मला माझी गोष्ट सांगावी लागेल, कारण हे शास्त्र मला पुस्तकाच्या आधी एका माणसाने सांगितलं.

पलटणीच्या सहलीची जबाबदारी माझ्यावर होती. एक्केचाळीस जवान. त्यांतले निम्मे हिमाचल आणि राजस्थानचे, समुद्र पहिल्यांदाच पाहत होते. सीओ साहेबांचा हुकूम स्पष्ट होता: जितके नेशील तितके परत आण. मी आदल्या दिवशी रेकीला गेलो. किनाऱ्यावर उभा राहून पाण्याकडे बघत होतो. तिथे सरकारी खात्यातले एक वयस्कर रखवालदार होते. त्यांचे आजोबा छोटा नागपूरहून जंगलकामासाठी आलेले. अंदमानात या लोकांना सगळे 'रांचीवाले' म्हणतात. ते माझ्याजवळ येऊन म्हणाले, "साब, समुंदर बाद में देखना. पहले पीछे देखो."

मागे पाहिलं. वाळूच्या पट्ट्यामागे झाडी, आणि झाडीतून एक लहानसा ओहोळ येऊन वाळूत तुंबलेला. काळपट पाणी, कडेला तिवरं. दादा म्हणाले, "मगर इसमें रहता है. समुंदर में तो बस घूमने आता है." मग त्यांनी मला किनाऱ्याच्या दुसऱ्या टोकाला नेलं, जिथे मागे उंच खडकाळ जमीन होती, ओहोळ नव्हता, पाणी स्वच्छ आणि तळाला वाळू. "इधर उतारो लड़कों को. और चार बजे के बाद कोई नहीं."

दादांचं 'पहले पीछे देखो' आणि क्रिस्टोफर्सचा नकाशा यांत मला फरक दिसत नाही. डास असो, मगर असो, नाहीतर गटाराची घाण असो, अंदमानात किनाऱ्याला धोका बहुतेक वेळा मागून येतो.

मगरीबद्दल लोक हसतात, म्हणून जरा विस्ताराने सांगतो. ही आपल्या कृष्णेतली मगर नव्हे. ही खाऱ्या पाण्यातली, जगातली सगळ्यात मोठी जात. समुद्राच्या प्रवाहाबरोबर एका बेटावरून दुसऱ्या बेटावर जाते. कातड्यासाठी तिची इतकी शिकार झाली होती की ती जवळजवळ दिसेनाशी झाली. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकार थांबली आणि हळूहळू तिची संख्या वाढली. मग आली सुनामी.

२६ डिसेंबर २००४ ची सकाळ. कार निकोबारच्या हवाई दलाच्या तळावर शंभराहून अधिक माणसं गेली, जवान आणि त्यांच्या बायका-पोरांसकट. रविवार होता, बरेच जण क्वार्टरमध्ये होते. तो तळ समुद्राला लागून, सपाट जमिनीवर. मी त्यावर जास्त लिहिणार नाही; आमच्यातल्या अनेकांचे ओळखीचे लोक त्यांत होते. डुगाँग क्रीकचे ओंगे मात्र उंचावर चढले आणि वाचले. पाणी मागे हटलं की डोंगर गाठायचा, हे त्यांना कुठल्या कार्यालयाने कळवलेलं नव्हतं.

त्या भूकंपाने बेटंच कलली. उत्तर अंदमानाची बाजू वर उचलली गेली, तिथले प्रवाळ उघडे पडून वाळले. दक्षिण अंदमान साधारण मीटरभर खाली बसला. निकोबारच्या टोकाचा इंदिरा पॉइंट चार मीटरहून जास्त खचला, दीपगृहाचं बूड पाण्यात गेलं. पोर्ट ब्लेअरजवळ सिप्पीघाटला जिथे भातशेती होती तिथे समुद्राचं पाणी शिरलं ते परत गेलंच नाही. आम्ही जायचो तेव्हा शेताचे बांध आणि वाळलेली माडं पाण्यात उभी दिसायची. म्हणजे काय झालं बघा: खाडी गावात आली, आणि खाडीबरोबर मगरही. ज्या किनाऱ्यांवर आधीच्या पिढीने बिनधास्त पोहून घेतलं होतं, तिथले हिशेब बदलले. वंडूरच्या किनाऱ्यावर पुढे मगरीचे हल्ले झाले. आता तिथे जाळं लावून पोहण्याची जागा वेगळी केली आहे. तिथे गेलात तर जाळ्याच्या आतच उतरा. वंडूरच्या वाळूवर जी मोठमोठी झाडं मुळांसकट आडवी पडलेली दिसतात आणि लोक ज्यांच्यावर बसून फोटो काढतात, ती सुनामीच्या वेळची आहेत.

हॅवलॉककडे वळू, कारण तुम्हा सगळ्यांना तिथेच जायचं असतं. १८५७ मध्ये लखनौच्या वेढ्यात लढलेल्या जनरल हेन्री हॅवलॉकचं नाव. २०१८ पासून बेटाचं नाव स्वराज द्वीप. तिथल्या किनाऱ्यांना आकडे आहेत: तीन नंबर, पाच नंबर, सात नंबर. पर्यटक समजतात की हे दर्जाचे क्रमांक आहेत. तसं नाही. १९५० च्या दशकात पूर्व बंगालमधून आलेल्या निर्वासित कुटुंबांना सरकारने इथे वसवलं, तेव्हापासून वस्त्या आकड्यांनी ओळखल्या जातात. गोविंदनगर तीन, विजयनगर पाच, राधानगर सात. घरदार सोडून आलेल्या शेतकऱ्यांनी गावांना राधा-गोविंदाची नावं दिली. त्यांना वाळू नको होती, भाताला जमीन हवी होती. समुद्रकाठच्या ज्या जागेला तेव्हा किंमत नव्हती, तिथेच आज एका रात्रीचं भाडं ऐकून आपण दचकतो.

याच बेटाच्या पाण्यात आणखी एक गोष्ट घडली आहे, आणि ती रिसॉर्टच्या पत्रकात नसते. जपान्यांनी २३ मार्च १९४२ ला अंदमान घेतलं. शेवटी शेवटी अन्न संपलं तेव्हा, १९४५ च्या ऑगस्टमध्ये, पोर्ट ब्लेअरच्या शेकडो लोकांना 'नव्या बेटावर शेती करायला नेतो' असं सांगून बोटीत भरलं आणि रात्री हॅवलॉकजवळ समुद्रात ढकललं. बहुतेक बुडाले. जे काठाला लागले ते निर्मनुष्य बेटावर उपाशी मेले. फार थोडे वाचले. ऑक्टोबरात जपान्यांनी शरणागती दिल्यावर हे उघड झालं. मी राधानगरला पोहलो आहे, पुन्हाही पोहेन. पण तिथे गेल्यावर एकदा ही आठवण काढावी, असं मला वाटतं.

जपान्यांवरून एक फौजी निरीक्षण. कॉर्बिन्स कोव्ह हा पोर्ट ब्लेअरचा शहराजवळचा किनारा. (कॉर्बिन हे रॉस बेटावरचे पाद्री, १८६३ मध्ये त्यांनी अंदमानींसाठी 'होम' चालवलं.) तिथे जाताना रस्त्याच्या कडेला जपानी बंकर लागतात, समुद्राकडे तोंड करून. लोक विचारतात, इथेच का? शत्रूची बोट उतरायला जो किनारा सोपा, तिथेच बंकर बांधतात. आणि कुठला किनारा सोपा? ज्याचा उतार हळू हळू खोल जातो, तळाला वाळू आहे, प्रवाळ नाही, लाटा मोठ्या नाहीत, बाहेर पडायला वाट आहे. आता पोहायला चांगल्या किनाऱ्याची लक्षणं सांगा. तीच. तेव्हा बंकर दिसला की समजा, कुठल्या तरी जपानी कप्तानाने तुमच्यासाठी रेकी करून ठेवली आहे. मात्र ती १९४२ ची. गेल्या ऐंशी वर्षांत मागे शहर वाढलं, नाले वाढले. मोठ्या पावसानंतर एक-दोन दिवस मी कॉर्बिन्स कोव्हच्या पाण्यात मुलांना उतरवणार नाही. आणि बंदराच्या आतल्या बाजूला तर कधीच नाही, पाणी कितीही निळं दिसलं तरी.

निळं म्हणजे स्वच्छ, हा आपला मोठा गैरसमज. घाण डोळ्यांना दिसत नाही. म्हणून हल्ली पाणी बाटलीत भरून तपासतात. राधानगरला २०२० च्या ऑक्टोबरात 'ब्लू फ्लॅग' मिळाला. ही पद्धत १९८५ मध्ये फ्रान्समध्ये सुरू झाली, आता तिचं कार्यालय डेन्मार्कमध्ये आहे. एकूण ३३ कसोट्या. पाण्याची कसोटी अशी की १०० मिलिलिटर समुद्राच्या पाण्यात ई-कोलाय हे जंतू २५० च्या वर नकोत आणि आतड्यांतले एन्टेरोकोकाय १०० च्या वर नकोत. हे दोन्ही जंतू विष्ठेतून येतात. म्हणजे जुन्या मोएटने नाकाने जे ओळखलं, ते आता प्रयोगशाळा मोजते. त्या पहिल्या यादीत देशातले आठ किनारे होते: गुजरातचा शिवराजपूर, दीवचा घोघला, कर्नाटकचे कासरकोड आणि पदुबिद्री, केरळचा कप्पाड, आंध्रचा ऋषीकोंडा, पुरीचा गोल्डन बीच आणि आपला राधानगर. आपल्या कोकणातला एकही नव्हता. याचं मला वाईट वाटलं. पण गणपतीनंतरचे आपले किनारे ज्यांनी पाहिले आहेत ते भांडायला येणार नाहीत.

मात्र झेंडा सगळ्या किनाऱ्याला नसतो, ठरलेल्या तुकड्याला असतो. राधानगरला वाळू जवळजवळ दोन किलोमीटर आहे. जीवरक्षक, आखलेली जागा, कपडे बदलायच्या खोल्या हे सगळं मधल्या भागात. उजवीकडे, म्हणजे उत्तरेकडे चालत गेलं की गर्दी संपते, पाणी हिरवंगार होतं, खडकांच्या आड एक छोटं सुंदर आखात लागतं, आणि त्या बाजूला झाडीत खाजण आहे. २०१० च्या एप्रिलमध्ये याच टोकाला स्नॉर्केलिंग करणाऱ्या एका तरुण अमेरिकन मुलीला मगरीने नेलं. मासिकांनी ज्याला आशियातला उत्तम किनारा म्हटलं, त्याच्याच एका कोपऱ्यात. एकांत हवा म्हणून त्या टोकाला जाऊ नका. दादांचं वाक्य आठवा.

बुडण्याचा धोका मगरीपेक्षा खूप मोठा आहे, आणि त्याचं कोणी ऐकत नाही. १ फेब्रुवारी २०१६ ला आपल्याच मुरूडच्या समुद्रात पुण्याच्या एका कॉलेजची १४ मुलं गेली. कोकणात भरती-ओहोटीचा फरक मोठा, मुंबईकडे उधाणाला चार-पाच मीटर. अंदमानात साधारण दोन मीटर. म्हणून तिथलं पाणी गरीब वाटतं. पण पश्चिमेकडे तोंड असलेल्या राधानगरला मे ते सप्टेंबर नैर्ऋत्येचा मोसमी वारा थेट लागतो. लाटा काठावर चढलेलं पाणी एखाद्या अरुंद वाटेने माघारी धावतं, आणि नेमकी ती वाट शांत दिसते, कारण तिथे लाट फुटत नाही. नवखा माणूस तीच शांत जागा बघून उतरतो. ओढ लागली तर काठाकडे झगडू नये, किनाऱ्याला समांतर पोहत बाजूला निघावं, मग काठ गाठावा. आम्ही जवानांना हे कोरड्या वाळूवर चालवून दाखवायचो. जोड्या लावायच्या, एकाने दुसऱ्यावर नजर ठेवायची, दर पंधरा मिनिटांनी शिट्टी आणि मोजणी. हिमाचलच्या पोरांना आधी हसू यायचं. त्या दिवशी एक्केचाळीस गेले, एक्केचाळीस आले, आणि सगळ्यांत जास्त आरडाओरडा त्यांनीच केला.

सगळ्यांत स्वच्छ किनारे तुम्हाला दिसणारही नाहीत, हेही सांगून ठेवतो. जारवांचा पश्चिम किनारा आणि उत्तर सेंटिनेल बेट १९५६ च्या आदिवासी संरक्षण नियमाखाली बंद आहेत. २०१८ मध्ये एक अमेरिकन तरुण सेंटिनेलला चोरून गेला, परत आला नाही. होडीवाला जास्त पैसे घेऊन 'साब, एकदम खाली बीच दिखाता हूँ' म्हणाला तर नमस्कार करावा. तिथे आपण पोहायला जाण्याने धोका फक्त आपल्याला नसतो; आपल्या साध्या सर्दीने तिथलं गाव झोपू शकतं.

आता थेट उत्तर, फोनवाल्यांसाठी. नोव्हेंबर ते एप्रिल जाणार असाल आणि मुलं लहान असतील तर राधानगर, मधला आखलेला भाग, सकाळी ते चारपर्यंत. विजयनगर पूर्वेकडे आहे, पावसाळी वाऱ्यात शांत असतं, पण ओहोटीला पाणी दूर जातं आणि तळाला प्रवाळ-खडक उघडे पडतात. तिथे भरतीच्या वेळी जा आणि पायात रबरी चप्पल ठेवा. कालापत्थर बघायला सुंदर, पोहायला खडकाळ. मासे आणि प्रवाळ पाहायचे असतील तर एलिफंट बीच, जीवरक्षक जाकीट घालून. उत्तरेला दिगलीपूरजवळ रॉस आणि स्मिथ ही दोन बेटं वाळूच्या पट्टीने जोडलेली आहेत, पाणी तिथलं फार छान, पण भरतीला पट्टी बुडते, तेव्हा जाण्याआधी होडीवाल्याला भरतीची वेळ विचारून ठेवा. जेली फिश दिसली की सगळ्यांनी बाहेर. आणि खाऊन उरलेलं मासळी-मटण किनाऱ्यावर टाकू नका. त्याने आधी कुत्री येतात, आणि कुत्र्यांच्या मागे कोण येतं ते वर लिहिलं आहे.

बोटीची तिकिटं मात्र आधी काढा. दिवाळीत मिळत नाहीत.